जिमखान्याच्या दारापासून शॉवरपर्यंत

महाराष्ट्रातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या फीची पावती काढून पाहा. ग्रंथालय शुल्क, परीक्षा शुल्क यांच्या आगेमागे जिमखाना फीची ओळ बहुधा सापडतेच. ती सगळ्यांकडून घेतली जाते. व्हीलचेअर वापरणाऱ्या मुलीकडून, अंध मुलाकडून, पोलिओने एक पाय बारीक झालेल्याकडूनही. पण या मुलांना त्या पैशांच्या बदल्यात काय मिळतं, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी उत्तर द्यायला कुणी पुढे येत नाही. जिमखाना पहिल्या मजल्यावर नाहीतर तळघरात असतो, दार अरुंद असतं, आत यंत्रं एकमेकांना खेटून मांडलेली असतात. कॅरमचा बोर्ड खाली आणून दिला की आपलं काम झालं, असं संस्थेला वाटतं.

याची सुरुवात शाळेत होते. पीटीच्या तासाला सगळा वर्ग मैदानावर पळतो आणि एकाला सांगितलं जातं, "तू वर्गातच बस, दप्तरांकडे लक्ष ठेव." सांगणाऱ्या सरांच्या मनात वाईट काही नसतं, पोराला लागू नये एवढीच काळजी असते. पण वर्षानुवर्षं दप्तरं सांभाळलेलं ते मूल कॉलेजात येतं तेव्हा आपलं शरीर खेळण्यासाठीही आहे, हे त्याच्या गावीही नसतं. व्यायाम त्याला भेटलेला असतो तो फक्त फिजिओथेरपीच्या टेबलावर, दुखण्याच्या रूपात. विद्यापीठ ही दुसरी आणि बऱ्याचदा शेवटची संधी असते. पुढे नोकरी, संसार सुरू झाला की व्यायामाची सवय नव्याने लावणं कुणालाच सोपं जात नाही.

कॅम्पसवरची जिम दिव्यांगांसाठी खुली करणं म्हणजे दाराशी रॅम्प बांधणं नव्हे. वसतिगृहाच्या खोलीतून निघाल्यापासून व्यायाम करून, अंघोळ करून परत खोलीवर येईपर्यंतचा सगळा प्रवास जमला पाहिजे. ही साखळी आहे. तिची एक कडी निखळली की बाकीच्या कड्यांवर केलेला खर्च वाया जातो.

आधी शरीराचं बघू. चालणाऱ्या माणसाला दिवसभरात नकळत थोडाफार व्यायाम घडतो. जिना चढणं, बस पकडणं, भाजी आणणं यात पायाचे मोठे स्नायू कामाला लागतात. कमरेखालची हालचाल गेलेल्या माणसाचे हेच मोठे स्नायू गप्प असतात आणि सगळा भार खांद्यांवर येतो. खांद्याचा सांधा हात सगळ्या दिशांना फिरावा यासाठी घडलेला आहे, शरीराचं वजन वाहण्यासाठी नाही. व्हीलचेअर ढकलताना, खुर्चीतून पलंगावर सरकताना, पलंगावरून कमोडवर जाताना दर वेळी त्याच्यावर ताण येतो. सतत पुढे ढकलल्याने छातीचे आणि खांद्याच्या पुढच्या बाजूचे स्नायू आखडतात, पाठीमागचे दुबळे राहतात, आणि काही वर्षांत खांदा बोलायला लागतो. पायाने चालणाऱ्याचा खांदा दुखला तर तो चार दिवस हात गळ्यात बांधून हिंडू शकतो. व्हीलचेअरवाल्याचा खांदा गेला तर त्याचं चालणंच बंद पडतं. म्हणून जिममधलं पुलीचं यंत्र, ज्यावर दोर मागे खेचून पाठीचे स्नायू बळकट करता येतात, ते त्याच्यासाठी चैन नाही. पन्नाशीतही स्वतःची खुर्ची स्वतः ढकलता यावी यासाठीची ती तजवीज आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये शारीरिक हालचालींबाबत नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत दिव्यांगांसाठी स्वतंत्र शिफारस पहिल्यांदाच आली. आकडे मात्र इतर प्रौढांचेच आहेत: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. कुणालाही सूट दिलेली नाही, आणि ती न देणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

या विषयात विद्यापीठाने काय करायचं असतं, हे बघायला अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाकडे जावं लागतं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सरकारने परतलेल्या सैनिकांच्या उच्च शिक्षणाचा खर्च उचलला. कॉलेजं भरून वाहू लागली. इलिनॉय विद्यापीठाने गेल्सबर्ग गावातल्या एका जुन्या लष्करी रुग्णालयात आपली शाखा काढली. रुग्णालयाच्या त्या बैठ्या इमारती एकमेकींना व्हरांड्यांनी जोडलेल्या होत्या, त्यामुळे कमरेखाली लुळे झालेले माजी सैनिक तिथे सहज फिरू शकत. 1948 मध्ये टिमोथी नुजेंट या पंचविशीतल्या तरुणाकडे या विद्यार्थ्यांसाठीच्या कार्यक्रमाची सूत्रं आली. त्यांनी अभ्यासाच्या सोयींइतकंच लक्ष खेळाकडे दिलं. ‘गिझ किड्स’ नावाचा व्हीलचेअर बास्केटबॉल संघ उभा राहिला आणि 1949च्या एप्रिलमध्ये गेल्सबर्गलाच सहा संघांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली.

त्याच वर्षी राज्य सरकारने गेल्सबर्गची शाखा बंद करायचं ठरवलं. विद्यार्थी राजधानी स्प्रिंगफील्डला गेले, तिथे निदर्शनं केली, मग अर्बानाच्या मुख्य कॅम्पसवर जाऊन आम्हाला इथे घ्या अशी मागणी लावून धरली. पायऱ्यांनी भरलेल्या त्या जुन्या कॅम्पसवर ही मुलं कशी वावरणार, अशी शंका विद्यापीठाला होती. अखेर प्रयोग म्हणून थोड्यांना प्रवेश मिळाला आणि राहायला तात्पुरत्या बराकी मिळाल्या. प्रयोग म्हणून सुरू झालेलं ते काम पुढे थांबलं नाही. इमारतींना उतार बांधले गेले, फूटपाथच्या कडा कापून रस्त्याशी समतल केल्या गेल्या, लिफ्ट बसवलेल्या बस कॅम्पसवर फिरू लागल्या. 1961 मध्ये अमेरिकेचं इमारतींच्या सुगम्यतेचं पहिलं राष्ट्रीय मानक निघालं. त्यामागचं संशोधन नुजेंट यांच्या देखरेखीखाली याच विद्यापीठात झालं होतं. सगळं मानक मिळून सहा पानांचं. रॅम्पचा उतार बारास एक असावा, हे प्रमाण त्यात होतं, आणि भारतातल्या नियमांतही आज तेच सापडतं.

म्हणजे आपल्या बँकेच्या किंवा तहसील कचेरीच्या दाराशी नियमाने बांधलेला रॅम्प असेल, तर त्याच्या मापाची मुळं एका विद्यापीठाच्या कॅम्पसवर आहेत. व्हीलचेअरवरच्या त्या विद्यार्थ्यांसाठी वर्गाइतकंच बास्केटबॉलचं मैदानही महत्त्वाचं होतं. त्याच विद्यापीठातून पुढे जीन ड्रिस्कॉल ही खेळाडू आली. जन्मतःच मणक्यात दोष असलेल्या या मुलीने बोस्टन मॅरेथॉनची व्हीलचेअर शर्यत आठ वेळा जिंकली, त्यातली सात वर्षं, 1990 ते 1996, सलग.

टाट्याना मॅकफॅडनही इलिनॉयचीच. तिची गोष्ट मात्र तिच्या शाळेपासून सांगायला हवी, कारण ती दप्तरं सांभाळायला लावण्याच्या गोष्टीशी थेट भिडते. तिचा जन्म रशियातला. बालपणीची वर्षं अनाथाश्रमात गेली. तिथे व्हीलचेअर नव्हती, म्हणून ती हातांवर चालायला शिकली. अमेरिकेत दत्तक गेल्यावर ती खेळायला लागली आणि पंधराव्या वर्षी अथेन्सच्या पॅरालिम्पिकमधून दोन पदकं घेऊन आली. मेरीलँडमधल्या तिच्या शाळेने तिला काय सांगितलं? संघातल्या इतर मुलींबरोबर एकाच वेळी धावपट्टीवर उतरायचं नाही. शर्यतीत ती एकटीच धावायची. तिने शिक्षण मंडळावर खटला भरला. नुकसानभरपाईचा एक डॉलरही मागितला नाही, मागितलं ते फक्त इतरांसोबत धावणं. 2006 मध्ये न्यायालयाने तिच्या बाजूने आदेश दिला. 2008 मध्ये मेरीलँड राज्याने शाळांतल्या खेळांत दिव्यांग विद्यार्थ्यांना संधी देणं बंधनकारक करणारा कायदा केला, आणि 2013 मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने देशभरच्या शाळा-कॉलेजांना त्याच आशयाच्या सूचना दिल्या. त्याच 2013 मध्ये टाट्यानाने बोस्टन, लंडन, शिकागो आणि न्यूयॉर्क या चारही मॅरेथॉन जिंकल्या.

विद्यापीठाच्या क्रीडासंकुलाशी आपल्या मातीचाही एक धागा जुळलेला आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर 1965च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना पोहणं हा त्यांच्या उपचाराचाच भाग बनला. 1972 मध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पार करून पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक आणलं. त्या वर्षीचं ऑलिम्पिक म्युनिकला होतं. तिथलं क्रीडाग्राम स्पर्धेनंतर घरांसाठी देण्याचं ठरलं असल्याने पॅरालिम्पिक म्युनिकला होऊ शकलं नाही. ते हायडलबर्गला नेलं गेलं आणि त्याचं यजमानपद सांभाळलं ते हायडलबर्ग विद्यापीठाच्या क्रीडासंस्थेच्या आवाराने. एका विद्यापीठाने दारं उघडी ठेवली, तिथे सांगलीचा एक जवान पोहून गेला.

आता साखळीच्या कड्यांकडे वळतो. पहिली कडी जिमच्या बाहेर आहे. सकाळी सहाला जिम उघडते, पण वसतिगृहाची लिफ्ट आठला चालू होते. किंवा ज्याच्या मदतीने विद्यार्थी तयार होतो तो मदतनीसच साडेआठला येतो. मग सहा ते आठ ही वेळ त्याच्यासाठी नाहीच. वेळापत्रक लावताना हे कुणाच्या डोक्यात नसतं, म्हणून संध्याकाळी उशिरापर्यंतचा एखादा तास राखून ठेवणं कधीकधी रॅम्पपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

मग रॅम्प. दाराशी पंधरा-पंधरा सेंटीमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर चढ झाला 45 सेंटीमीटरचा. बारास एक या प्रमाणात त्याला 5 मीटर 40 सेंटीमीटर लांबीचा उतार लागतो. जागा नाही म्हणून दोन मीटरमध्ये आटोपलेला रॅम्प मी अनेक इमारतींत पाहिला आहे. त्यावरून व्हीलचेअर वर न्यायला दोन माणसं लागतात आणि उतरताना ती हातातून सुटायची भीती असते. असा उतार सामान चढवायला चालेल, माणसाला नाही.

पुढची कडी प्रवेशाची. कार्ड दाखवून फिरत्या दांड्यांमधून आत जायचं असेल तर व्हीलचेअर तिथेच अडते. बाजूला एक फाटक हवं आणि ते त्याच कार्डाने उघडणारं हवं, वॉचमनला शोधून किल्ली मागावी लागणारं नको. दाराची मोकळी रुंदी सुमारे 90 सेंटीमीटर, आणि आत खुर्चीला जागच्या जागी पूर्ण वळता येईल असा साधारण दीड मीटरचा मोकळा गोल. सरावाची यंत्रं ठेवतानाही हेच. अमेरिकेच्या 2010च्या मानकांनी प्रत्येक प्रकारच्या यंत्रापैकी निदान एकाशेजारी व्हीलचेअर उभी राहील एवढी, म्हणजे साधारण 76 बाय 122 सेंटीमीटर, मोकळी जागा बंधनकारक केली. प्रत्येक प्रकारच्या यंत्रापैकी, हा त्यातला मुद्दा. कोपऱ्यात दिव्यांगांसाठी म्हणून दोन वेगळी यंत्रं मांडून भागत नाही.

यासाठी फार काही नवीन विकत घ्यावं लागतं असंही नाही. पुलीच्या यंत्राची बैठक काढता येण्याजोगी असली की व्हीलचेअर सरळ तिच्या जागी सरकवता येते. हाताने चालवायची सायकल टेबलावर ठेवता येते. तिच्यावर पाय न हलणाऱ्याचं हृदय आणि फुप्फुसं कामाला लागतात. बोटांची पकड नसलेल्याला डंबेल धरता येत नाही, पण मनगटाभोवती वेल्क्रोचा पट्टा आवळून तेच वजन उचलता येतं. वजनं रॅकवर खालच्या दोन फळ्यांत ठेवली तर बसल्या जागी हात पोहोचतो. हे शेवटचं तर आज संध्याकाळी होऊ शकतं.

सगळ्यात जास्त दुर्लक्षित कडी आहे कपडे बदलण्याची खोली. कॉलेजांच्या जिममध्ये तिचा विचार अखेरीस होतो, आणि तिथेच गाडं अडतं. पायांत ताकद नसलेला माणूस ओली पॅंट कशी बदलतो, हे जवळून पाहिलेल्यालाच कळेल. त्याला आडवं व्हावं लागतं, एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळावं लागतं. त्यासाठी भिंतीला टेकलेला, खुर्चीच्याच उंचीचा, निदान अर्धा मीटर रुंद आणि मीटरभराहून लांब बाक लागतो. तो नसेल तर माणूस जमिनीवर उतरतो, आणि जमिनीवरून खुर्चीत परत चढणं हा खांद्यावरचा सगळ्यात मोठा ताण आहे. शॉवरखाली घडीची बैठक, हाताशी येणारा आडवा दांडा, बसून हाताला लागेल असा नळ, आणि दार बंद झाल्यावर आत खुर्ची वळेल असं शौचालय. ज्यांच्या मूत्राशयावर ताबा नसतो त्यांच्यासाठी व्यायामाआधी शौचालयाला जाऊन येणं ही सोयीची नव्हे तर सुरक्षिततेची बाब आहे. त्याचं कारण पुढे येईलच.

जिथे तलाव आहे तिथे पाण्यात उतरण्याची कडीही आली. पाणी शरीराचं वजन उचलून धरतं. छातीभर पाण्यात उभं राहिलं की पायांवर वजनाचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा येतो. जमिनीवर दोन पावलं न टाकू शकणारी मुलगी पाण्यात चालू शकते. पण तलावाची शिडी उभी असते, आणि दोघांनी उचलून पाण्यात सोडणं हे कुठल्याच प्रौढ माणसाला आवडत नाही. अमेरिकन मानकांनुसार तलावाला पाण्यात उतरत जाणारा उतार किंवा लिफ्ट यांपैकी एक असावंच लागतं, आणि मोठ्या तलावाला आत जायच्या दोन सोयी लागतात. लिफ्ट म्हणजे काठावर बसवलेला एक हात आणि त्याला खुर्ची. ती काठापासून 40 ते 48 सेंटीमीटर उंचीवर थांबते, म्हणजे व्हीलचेअरच्या बैठकीच्या बरोबरीला. माणूस बाजूने सरकतो, पाय खालच्या फळीवर ठेवतो, बटण दाबतो. हात वळतो, खुर्ची पाण्यात अर्ध्या मीटरच्या आसपास खाली जाते आणि शरीर तरंगायला लागलं की तो सुटतो. बटण काठावरून आणि पाण्यातूनही, कुणाच्या मदतीशिवाय, दाबता आलं पाहिजे अशी अट आहे. ही अट फार विचाराने घातलेली आहे. लिफ्टची बॅटरी ऑफिसच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली सुट्टीवर गेलेल्या शिपायाकडे असली, तर लिफ्ट असूनही नसल्यासारखीच.

इमारतीएवढंच महत्त्व प्रशिक्षकाला आहे, आणि त्याच्यावर आपल्याकडे सगळ्यात कमी खर्च होतो. दिव्यांग विद्यार्थी दारात आला की प्रशिक्षक घाबरतो, हे मी समजू शकतो. त्याला कुणी काही शिकवलेलंच नसतं. मग तो डॉक्टरचं सर्टिफिकेट मागतो, सोबत कुणाला तरी आणायला सांगतो. इतर मुलांना न विचारलेले हे प्रश्न दोनदा कानावर पडले की विद्यार्थी तिसऱ्यांदा येत नाही.

त्याला शिकवायचं काय? मोजकंच, पण नेमकं. मान किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झाली असेल तर हृदयाला वेग वाढवायला सांगणाऱ्या नसांचा मेंदूशी संबंध तुटलेला असतो. अशा माणसाची नाडी कितीही जोर लावला तरी 110 ते 130च्या पुढे सहसा जात नाही. भिंतीवरच्या तक्त्यातले वयानुसारचे आकडे त्याला लागू नाहीत. त्याला विचारायचं, किती दमल्यासारखं वाटतंय? स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी या विचारण्याचं 6 ते 20 असं मोजमाप बसवून दिलं आहे, आणि ते जगभर वापरतात. याच माणसाला इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही, त्यामुळे अंग लवकर तापतं. पंखा आणि पाण्याचा फवारा जवळ हवा.

सगळ्यात महत्त्वाची धोक्याची खूण अशी: छातीच्या सहाव्या मणक्यावर किंवा त्याच्या वर इजा असलेल्या माणसाचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, कपाळावर घाम फुटला, तर रक्तदाब झपाट्याने वाढतोय असं समजायचं. भरलेलं मूत्राशय, मुडपलेली लघवीची नळी, आवळलेला पट्टा, बुटात अडकलेला खडा, असं काहीही खालच्या शरीराला टोचत असतं, पण त्याला ते जाणवत नाही. त्याला आडवं करायचं नाही. सरळ बसवायचं, पट्टे सैल करायचे, कारण शोधून दूर करायचं, आणि आराम पडला नाही तर लगेच दवाखान्यात न्यायचं. इतकी माहिती एका दुपारच्या कार्यशाळेत देता येते.

बाकीच्या गोष्टी त्याच वळणाच्या आहेत. कृत्रिम पाय लावणाऱ्याचा साचा घामाने सरकतो, त्याला मध्ये थांबून पुसायला वेळ द्यायचा. डाउन सिंड्रोम असलेल्यांपैकी काहींच्या मानेचे वरचे दोन मणके सैल असतात, त्यांना तपासणीशिवाय कोलांटउडी घालायला लावायची नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये उष्णतेने त्रास वाढतो, त्यांना दुपारच्या उकाड्यात बोलवायचं नाही. आणि या सगळ्याच्या आधी विद्यार्थ्यालाच विचारायचं. आपल्या शरीराबद्दल त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

रॅम्प झाला की सगळ्यांची सोय झाली, असं समजणाऱ्यांच्या हातून अंध आणि कर्णबधिर विद्यार्थी निसटतात. नव्या ट्रेडमिलना गुळगुळीत काचेचा पडदा असतो, बटणं नसतात. अंध मुलाच्या दृष्टीने ते यंत्र बंदच. चालू, बंद आणि वेग या तीन जागांवर उठावदार ठिपके चिकटवले की ते उघडतं. यंत्रांच्या जागा वारंवार हलवायच्या नाहीत, वाटेत डंबेल टाकायचे नाहीत. धावायला जोडीदार लागतो. दोघांच्या हातात एक छोटी दोरी, आणि पळताना तोंडी सूचना. यासाठी राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं पाहिजे तेवढी मिळतील. कर्णबधिरांसाठी आग लागल्याचा भोंगा पुरत नाही, लखलखणारा दिवा लागतो. झुंबाच्या वर्गात शिक्षिकेने पाठ फिरवून सूचना दिल्या तर ओठ वाचणारी मुलगी मागे पडते. स्वमग्न मुलांना कर्कश गाणी आणि आरशांतला झगमगाट सहन होत नाही. आठवड्यातले दोन तास गाणी बंद ठेवली, तर त्यांच्याबरोबर इतरही कित्येक जण सुखावतील.

खेळांच्या बाबतीत आपली महाविद्यालयं खरं तर नशीबवान आहेत, कारण व्हॉलीबॉलचं मैदान जवळपास सगळीकडे असतं. गोलबॉल हा अंधांचा खेळ 1946 मध्ये युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी सुरू झाला. त्याचं मैदान 18 बाय 9 मीटर, म्हणजे तंतोतंत व्हॉलीबॉलएवढं. फक्त तळ सपाट, गुळगुळीत हवा. आखलेल्या रेषांवर सुतळी अंथरायची आणि वरून चिकटपट्टी लावायची, की रेषा हातापायांना कळते. चेंडू सव्वा किलोचा, आत घुंगरं. तीन-तीन खेळाडू जमिनीसरशी चेंडू टाकतात, समोरचे आवाजाचा वेध घेऊन आडवे पडून तो अडवतात. सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते, त्यामुळे डोळस मुलंही बरोबरीने खेळू शकतात, आणि बहुतेकदा हरतात. खेळ चालू असताना प्रेक्षकांनी चिडीचूप बसायचं असतं. बसून खेळायच्या व्हॉलीबॉलला त्याहून लहान, 10 बाय 6 मीटरचं मैदान पुरतं. जाळी पुरुषांसाठी 1.15 मीटरवर आणि स्त्रियांसाठी 1.05 मीटरवर बांधायची. खर्च जवळपास शून्य. व्हीलचेअर बास्केटबॉलला खास खुर्च्या लागतात, त्या महाग असतात. पण जवळपासच्या चार कॉलेजांनी मिळून एक संच घेतला तर आळीपाळीने वापरता येईल. त्या खेळात प्रत्येक खेळाडूला शरीराच्या क्षमतेनुसार 1 ते 4.5 गुण दिलेले असतात आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज 14च्या वर जाऊन चालत नाही. त्यामुळे जास्त इजा असलेल्या खेळाडूंनाही संघात घ्यावंच लागतं. खेळाच्या नियमातच समावेश गुंफण्याचं इतकं सुंदर उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये संमत झाला. त्याच्या कलम 16 मध्ये शासनमान्य शिक्षणसंस्थांनी खेळ आणि करमणुकीच्या संधी इतरांच्या बरोबरीने द्याव्यात असं स्पष्ट लिहिलं आहे. कलम 30 क्रीडासुविधांची फेररचना करायला सांगतं. कलम 32 नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत, म्हणजे विद्यार्थी येत राहणार आहेत. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेच्या नियमांतला एक नियम रद्दबातल ठरवला. तो केवळ शिफारशींच्या स्वरूपाचा होता, आणि कायदा बंधनकारक निकष मागतो, असं न्यायालयाने म्हटलं. पण कॉलेजांच्या व्यवहारात कायद्यापेक्षा नॅकचं, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांना दर्जा देणाऱ्या परिषदेचं, मूल्यमापन जास्त परिणाम करतं. नॅकच्या स्वयंमूल्यमापनाच्या तक्त्यात दिव्यांगस्नेही वातावरणाचा रकाना होता: वर्गापर्यंत रॅम्प किंवा लिफ्ट, स्वच्छतागृह, दिशादर्शक फलक, सहायक तंत्रज्ञान, लेखनिक आणि वाचक. महाविद्यालयांनी ते केलं, आणि त्याचा फायदा झालाच. मैदान आणि जिम मात्र त्या यादीत नव्हते. यादीत नसलेल्या गोष्टीसाठी पैसे मंजूर करून घेणं किती अवघड असतं, हे कुठल्याही क्रीडा संचालकाला विचारा.

म्हणून मला वाटतं, सुरुवात जिमखाना समितीतून व्हावी. प्रत्येक महाविद्यालयात ही समिती असते आणि फीचा हिशेब तिच्यासमोर येतो. तिच्यात एक-दोन दिव्यांग विद्यार्थी घ्यावेत, नुसते बोलावलेले नव्हेत तर सदस्य म्हणून. पहिल्या बैठकीआधी समितीने त्यांच्यासोबत एकदा तो सगळा प्रवास करावा: वसतिगृहाची खोली, रस्ता, दार, यंत्रं, शौचालय, शॉवर आणि परत. हातात टेप घ्यावी, जिथे अडेल तिथे माप लिहून घ्यावं, कुठेही कुणी कुणाला उचलायचं नाही. पुण्यातल्या महाविद्यालयांना तर खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. मणक्याला इजा झालेले जवान तिथे कित्येक वर्षं खेळत आले आहेत, त्यांच्याकडून शिकता येईल. समितीने मापं घेऊन केलेल्या यादीतली अर्धी कामं सुतार, गवंडी आणि चिकटपट्टीने होतील. उरलेल्यांसाठी पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात तरतूद मागता येईल, आणि ती मागताना मापं कागदावर असतील.